वाचक विचारतात : चिरफाड नसलेलं प्रत्यारोपण

प्रश्न : मुलगी एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रक्ताचा कॅन्सर आणि बोनमॅरो ट्रान्सप्लांट यांतच काम करायचं म्हणते. त्यासाठी सर्जरीत एमएस करावं लागेल ना? – एक पालक, सांगली

उत्तर : अजिबात नाही. नाव प्रत्यारोपणाचं असलं तरी रक्त बनवणाऱ्या मूळपेशींची पिशवी रक्तासारखीच सेंट्रल लाइनमधून, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून चढवतात. (पेशी गोठवलेल्या असतील, तर त्या टिकवणाऱ्या डीएमएसओ या रसायनामुळे खोलीभर लसणासारखा वास सुटतो. घाबरू नये.)

एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं. मग मेडिसिन किंवा बालरोगात एमडी, ३ वर्षं. पुढे नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा देऊन क्लिनिकल हिमॅटॉलॉजी (रक्तविकार) किंवा मेडिकल ऑन्कॉलॉजीत (कॅन्सरवरचे औषधोपचार) डीएम, आणखी ३. झाली साडेअकरा, प्रवेशफेऱ्या आणि बाँड यांत जाणारा वेळ वेगळाच. डीएमची जागा निवडताना विद्यावेतनाआधी एक विचारा : इथे दात्याच्या पेशींची प्रत्यारोपणं वर्षाला किती होतात? रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी परत देणाऱ्या केंद्रात जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर केलेला हल्ला, फारसा बघायलाच मिळत नाही. आणि तो पुस्तकात वाचून ओळखता येत नाही.

प्रश्न : पिशवी तर सिस्टरही लावतील. मग डॉक्टर काय करतो? – एक इंटर्न, लातूर

उत्तर : आधीचं आणि नंतरचं सगळं. मायलोमाचा, म्हणजे बोनमॅरोतल्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचा रुग्ण घ्या. त्याला त्याच्याच पेशी परत द्यायच्या असतात. मूळपेशी रक्तात उतरवणारं जी-सीएसएफ रोज वजनाच्या किलोमागे १० मायक्रोग्रॅम, चार-पाच दिवस. मग रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या काढणाऱ्या अफेरेसिस यंत्रावर त्या गोळा करायच्या. सीडी-३४ (मूळपेशींची खूण) असलेल्या पेशी किलोमागे निदान २० लाख हव्यात, ५० लाख मिळाल्या तर निश्चिंती. त्यानंतर मेल्फालान हे केमोचं औषध, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम. मूत्रपिंड कमजोर असेल तर १४०. औषध चालू असताना बर्फ चघळायला द्यायचा. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं, तोंड कमी सोलवटतं. इतका स्वस्त उपाय, पण घाईत तोच राहून जातो.

गोळा केलेल्या पेशी परत दिल्यावर, मेल्फालानमुळे, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शून्याजवळ येतात. अशा वेळी १०१ ताप आला की कल्चरसाठी (जंतू शोधायच्या तपासणीसाठी) रक्त घेऊन तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालंच पाहिजे. नवखे इथेच चुकतात : पू नाही, एक्स-रे साफ, म्हणून रिपोर्टची वाट बघतात. अहो, पू करायला पेशीच शिल्लक नाहीत! साधारण दहा ते चौदा दिवसांत न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले, की पेशी रुजल्या असं धरतात.

प्रश्न : पोलिओमुळे मी व्हीलचेअर वापरतो. ही शाखा झेपेल? – एमबीबीएस विद्यार्थी, नाशिक

उत्तर : १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये भारतातलं पहिलं यशस्वी बोनमॅरो प्रत्यारोपण केलं ते डॉ. सुरेश अडवाणींनी. तेही लहानपणीच्या पोलिओपासून व्हीलचेअरवरच. तेव्हा पायांची काळजी सोडा, मनगटाची करा. कमरेच्या हाडातून बायॉप्सी घेताना सुई फिरवत आत न्यावी लागते आणि जोर सगळा तिथेच लागतो. पलंगाची उंची बसल्या हाताला येईल अशी आधीच लावून घ्या.