शिस्ट शोधायला निघालास? आधी एवढं बघ

चांगला छंद धरलास. पण अजिंक्यताऱ्यावरून आणून तू शिस्ट (अभ्रकाच्या पत्र्यांमुळे पापुद्र्यांत फुटणारा दगड) म्हणून दाखवलास तो ‘पापुद्र्यांचा दगड’ शिस्ट नाही, बेसॉल्टच आहे, म्हणजे लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड. पहिल्या वर्षी मीही पिशवीभर असेच गोळा केले होते! ऊन-पावसानं कुजलेला बेसॉल्ट कांद्यासारखा सोलतो. साताऱ्याचा काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो थिजल्यावर पुन्हा दाबाखाली भाजलाच गेला नाही.

शिस्टचं तसं नाही. शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला दगड, खोल गाडला जातो, तापतो, एका दिशेनं जोरात दाबला जातो. मग त्यात अभ्रक वाढतं आणि त्याचे पत्रे दाबाला आडवे, एकाच दिशेत बसतात. दगड त्याच पातळीत फुटतो. कमी तापला तर पाटीचा दगड (आजीची शाळेतली पाटी आठव), पुढे फिलाइट, मग शिस्ट, आणि फारच तापला तर पट्ट्यापट्ट्यांचा नाइस.

सुरुवातीला एवढंच कर:

- ताज्या फुटीवर बघ, वरच्या सालीवर नको. दहापट भिंग पुरे.
- चमकलं की अभ्रक समजू नकोस. सुईनं पापुद्रा उचल: अभ्रक वाकून परत सरळ होतं, आपल्याकडचं स्टिल्बाइट (बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणारं चमकदार खनिज) तुटतं.
- नमुन्यावर जागा तिथंच लिही. घरी येऊन आठवत नाही.

गार्नेटसारखी खनिजं, त्यांवरून दगड किती तापला ते ओळखणं वगैरे नंतर. खरा शिस्ट हवा तर सुट्टीत सिंधुदुर्ग जिल्ह्यात उतर. आणि गडाच्या दगडाला हातोडी लावायची नाही, बरं का.