वाळपईत दवाखाना टाकताय तर
उत्तम केलंत, डॉक्टर. महागडी यंत्रं नंतर घ्या. आधी ग्लुकोमीटर आणि भरवशाचं बीपीचं मशीन. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2023 साली आलेल्या अहवालात गोव्यात मधुमेह 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. सर्दीला आलेल्याचीही साखर बघा.

नवे डॉक्टर हमखास फसतात ते तापात.

- काजूच्या हंगामात ताप आला तर आधी विचारा, बागायतीत गेला होता का, गोचीड चावली का? आपल्या सत्तरी तालुक्यात 2015पासून माकडताप (गोचिडीतून पसरणारा विषाणूजन्य ताप) आहे.
- पावसात चिखलातून आलेला शेतकरी, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल? लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस.

निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच, डायक्लोफिनॅकसारखं वेदनाशामक नको.

‘एक इंजेक्शन मारा हो’ रोज ऐकाल. ठाम राहा, चार पेशंट रुसतील. बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात धाडताना चिठ्ठीवर दिलेली औषधं आणि वेळ लिहा. ईसीजीचं पुढे बोलू.