पुनर्स्थापना, पुनःस्थापना की पुनरागमन?

प्रश्न असा आहे: १८१४ मध्ये नेपोलियनला पदत्याग करावा लागला आणि बूर्बाँ घराणे पुन्हा फ्रान्सच्या गादीवर आले. इतिहासात याला ‘रेस्टोरेशन’ म्हणतात. मराठीत कुणी ‘पुनर्स्थापना’ लिहितात, कुणी ‘पुनरागमन’. योग्य शब्द कोणता?

आधी लेखनाचे पाहू. ‘पुनर्’मधला र स्वरापुढे आणि मृदू व्यंजनापुढे टिकतो: पुनरागमन, पुनर्जन्म, पुनर्विवाह. कठोर व्यंजनापुढे आणि श, ष, स यांपुढे त्याचा विसर्ग होतो. म्हणून पुनःस्थापना. ‘पुनर्स्थापना’ हे रूप ‘पुनर्जन्म’च्या वजनावर पडले आहे, मी ते टाळतो.

खरी गोम अर्थात आहे. पुनरागमन होते ते माणसाचे. गणपतीच्या उत्तरपूजेत आपण ‘पुनरागमनाय च’ म्हणतो, तेव्हा गेलेल्याने परत यावे एवढेच मागतो. गादीवर आलेला बूर्बाँ राजा अठरावा लुई २३ वर्षे परागंदा राहून पॅरिसला आला, हे त्याचे पुनरागमन खरेच. पण त्याचा दावा याहून मोठा होता. त्याने ४ जून १८१४ रोजी जी सनद दिली तिच्याखाली ‘आमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष’ असा काळ घातला आहे. गादीवर बसून जेमतेम महिना झालेला, आणि वर्ष एकोणिसावे! कारण त्याने मोजणी १८१४ पासून नव्हे, क्रांतीच्या ऐन धामधुमीतल्या १७९५ पासून धरली. त्या वर्षी सोळाव्या लुईचा दहा वर्षांचा मुलगा कैदेत वारला. त्या मुलाने एक दिवसही राज्य केले नाही, तरी राजनिष्ठांच्या लेखी तो सतरावा लुई. सोळाव्यानंतर एकदम अठरावा कसा, हे कोडे इथे सुटते. प्रजासत्ताक आणि साम्राज्य ही या हिशेबात मधली खंडितता. राजाचा हक्क कधी संपलाच नव्हता. इंग्लंडमध्येही १६६० साली परतलेल्या दुसऱ्या चार्ल्सची राज्यवर्षे बापाच्या शिरच्छेदापासून, १६४९ पासून मोजली गेली.

म्हणून मला ‘बूर्बाँ घराण्याची पुनःस्थापना’ हाच प्रयोग पटतो. माणूस आला एवढेच नाही, तर त्याचा हक्क पूर्वीच्या जागी बसवला गेला, हे त्यात येते.

जाता जाता ‘सनद’ या शब्दाबद्दल. त्या दस्तऐवजाला ‘राज्यघटना’ म्हणू नये असे मला वाटते. घटना सभा बनवते, १७९१ मध्ये तशी बनवलीही होती. सनद वरून बहाल होते. लुईने सिनेटने तयार केलेला मसुदा बाजूला ठेवून आपल्या मर्जीने ती दिली. आपल्या भाषेत हा फरक दाखवणारा शब्द तयार आहे, तो वापरावा.

मग मार्च १८१५ मध्ये एल्बा बेटावरून नेपोलियन आला, त्याला काय म्हणायचे? तिथे ‘पुनरागमन’ चपखल बसते. त्या काळाचे ‘शंभर दिवस’ हे नाव मात्र राजाच्या बाजूचे आहे. वॉटर्लूनंतर ८ जुलैला लुई पॅरिसला परतला, तेव्हा तिथला प्रीफेक्ट (सरकारने नेमलेला प्रशासक) शाब्रोल स्वागताच्या भाषणात म्हणाला की महाराजांना राजधानी सोडून शंभर दिवस लोटले. प्रत्यक्षात ते ११० च्या आसपास होते. म्हणजे मोजले गेले ते नेपोलियनच्या सत्तेचे नव्हे, राजाच्या गैरहजेरीचे दिवस.

१८३० च्या जुलैमधल्या क्रांतीनंतर गादीवर आलेल्या लुई फिलिपसाठी मात्र यातला कोणताच शब्द चालणार नाही. तो ‘फ्रान्सचा राजा’ नव्हता, ‘फ्रेंचांचा राजा’ म्हणवून घेत होता. मराठीत लिहिताना तेवढी षष्ठी जपावी.