रोप द्या, पण त्याचं गाव सांगून द्या

प्रश्न : पावसाळ्यात एका गडाच्या कड्यावर शिंदळ माकुडी ही मांसल खोडाची छोटी वनस्पती पाहिली. तिची बोटभर फांदी आणून कुंडीत लावली तर जगेल का? रोपं तयार करून पुन्हा गडावर लावायचा विचार आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : जगेल. तिला जगवणं अवघड नाहीच. फांदीचा चीक थांबून काप सुकेपर्यंत चार-सहा दिवस ती सावलीत ठेवायची. मग जाडी वाळू नि बारीक खडी जास्त, माती कमी, अशा कुंडीत टोचायची आणि पाण्याला हात आखडता ठेवायचा. उन्हाळ्यात पानं गळाली की लोक घाबरून पाणी ओततात. पानं गळणं हा तिचा स्वभाव आहे. मरते ती त्या पाण्याने, कुजून.

पण कड्यावरची फांदी तोडू नका. परवानगीशिवाय तोडणं चूकच, आणि ही वनस्पती जगात फक्त आपल्या सह्याद्रीत, तीही मोजक्या कड्यांवर उरली आहे. फांदी रोपवाटिकेतून घ्या. घेताना विचारा, 'हिची आई कुठली?' समोरचा गप्प बसला तर रोप हौसेने गॅलरीत ठेवा, गडावर नेऊ नका.

कारण एका फांदीपासून शंभर कुंड्या भरल्या तरी झाड एकच. एक रोग आला की शंभरही जातात. माझ्या रोपवाटिकेत शिवनेरीकडची आणि सज्जनगडाकडची रोपं वेगवेगळ्या मांडवात असतात. प्रत्येक कुंडीत पत्र्याची पट्टी, तिच्यावरचा आकडा नोंदवहीत. गिऱ्हाईक या वहीला हसतं. हसू दे. वही हरवली तर माझ्याकडे उरतील त्या नुसत्या शोभेच्या कुंड्या. गडावर परत लावायचं असेल, तर त्याच भागातल्या निरनिराळ्या झाडांच्या बियांची रोपं हवीत आणि वनखात्याला बरोबर घ्यायला हवं. शेंगा तडकायच्या आत त्यांना जाळीची पिशवी बांधावी लागते, नाहीतर म्हाताऱ्या उडून जातात.

प्रश्न : सीता अशोकाचं बी पावसाळ्यात जमवून नीट वाळवून ठेवलं. दिवाळीनंतर लावलं, एकही उगवलं नाही. बी वाईट होतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : बी चांगलं होतं, वाळवल्यामुळे मेलं. हे बी ओलंच लावायचं असतं. शेंग काळी पडून फुटली, बी खाली आलं की त्याच आठवड्यात पिशवीत. गहू-ज्वारीसारखं ते डब्यात टिकत नाही, म्हणून याची साठवण म्हणजे उभी झाडंच. आणि सोसायटीच्या कुंपणाला सरळसोट उभा असतो तो आसुपालव, अशोक नव्हे. त्याचं बी मला कृपा करून पाठवू नका.

रोपांना पहिली दोन वर्षं सावली द्या, मुळाशी ओल राहू द्या. परसात सुपारीच्या आडोशाला जागा असेल तर तिथेच लावा.