निवृत्त शिक्षकांचं ईमेल खातं ३१ मेला डिलीट करू नका

तुमच्या दादरच्या शाळेतले तीन शिक्षक ३१ मेला निवृत्त होतायत, एक बाई ठाण्याच्या शाळेत जातायत, आणि संस्था म्हणते चारही खाती त्याच दिवशी डिलीट करा. परळच्या एका शाळेत मी बरीच वर्षं गूगल वर्कस्पेस, म्हणजे शाळेची ईमेल आणि फाइली चालवणारी गूगलची सेवा, सांभाळतो. कृपा करून डिलीट करू नका.

पहिल्याच वर्षी मी गणिताच्या बाईंचं खातं असंच उडवलं. जूनअखेरीस दहावीच्या सराव प्रश्नपत्रिका कुणालाच उघडेनात, कारण फाइली बाईंच्या मालकीच्या. डिलीट केलेलं खातं २० दिवसांच्या आतच परत आणता येतं, आणि ते दिवस उलटून गेले होते. बाई घरी बसून, चष्मा पुसत, जुन्या वहीवरून सगळे प्रश्न पुन्हा टाइप करत होत्या. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून आधी मालकी हलवा. ड्राइव्हमधल्या शाळेच्या फाइली शेअर्ड ड्राइव्हमध्ये न्या, म्हणजे त्या माणसाच्या नव्हे, शाळेच्या होतात. गूगल क्लासरूममधल्या ऑनलाइन वर्गांची मालकीही पुढच्या शिक्षकांकडे द्या.

निवृत्तांसाठी वेगळं ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे वेगळे नियम लावता येतील असा खात्यांचा गट, करा. तिथे फक्त जीमेल चालू, क्लासरूम आणि ड्राइव्ह बंद. सहा महिने तरी तसं राहू द्या. पेन्शन, पीएफ, बँक, कुठे कुठे तोच पत्ता दिलेला असतो, आणि खातं सस्पेंड केलं, म्हणजे डिलीट न करता बंद ठेवलं, की नवीन मेल पोहोचतच नाही. स्वतःची पत्रं, फोटो त्यांना टेकआउटने, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीने, काढू द्या. मात्र हे ड्राइव्ह बंद करण्याआधी, आणि शेजारी बसून. आमच्या सरांना पासवर्ड टाकायलाच दोन चहा लागले, पण बत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसासाठी तेवढं करायलाच हवं. मुलांच्या गुणांच्या याद्या आणि पालकांचे नंबर मात्र बाहेर जाऊ देऊ नका.

ठाण्याला जाणाऱ्या बाईंचं वेगळं. त्यांच्या वर्गाचे पालक जूनमध्येही त्यांनाच लिहिणार. फाइली आणि वर्गांचं हस्तांतर झालं की खातं सस्पेंड करा, पण त्याआधी आठवडाभर 'आता या पत्त्यावर लिहा' असं ऑटो-रिप्लाय लावून ठेवा.

आणि परीक्षा विभाग, कार्यालय यांचे पत्ते माणसाच्या नावाने ठेवूच नका. त्यांचे गूगल ग्रुप करा, म्हणजे एकाच पत्त्यावरचं मेल गटातल्या सगळ्यांना मिळतं. यू-डायस (शाळेच्या माहितीचं सरकारी पोर्टल) आणि शालार्थ (पगाराचं पोर्टल) यांना कुणाचा मोबाईल आणि ईमेल जोडलाय तेही ३१ मेच्या आधी तपासा. ओटीपी निवृत्त मुख्याध्यापकांच्या फोनवर गेला, तर ते गावी असताना तुमचं काम अडेल.