स्टॉक (कंपनीचा) एअर फिल्टर ठेवू की आफ्टरमार्केट (बाहेरचा) लावू? तुमचे प्रश्न

प्रश्न: दादा, माझी दोन लिटरची पेट्रोल गाडी आहे. ओपन कोन फिल्टर (बॉक्स नसलेला, शंकूच्या आकाराचा) लावला की पॉवर वाढते म्हणतात, खरंय का?

उत्तर: आवाज नक्की वाढतो, पॉवरचं तसं नाही. तुमचं इंजिन 6000 आरपीएमला मिनिटाला साधारण 6000 लिटर हवा ओढतं आणि कंपनीचा एअरबॉक्स तेवढी हवा पुरेल असाच बनवलेला असतो, शिवाय त्याचं तोंड बहुतेक गाड्यांत ग्रिलजवळ किंवा फेंडरच्या आत असतं म्हणजे बाहेरची गार हवा मिळते. कोन उघडाच ठेवला तर तो बॉनेटखालची तापलेली हवा खातो, आणि हवा 3 अंशांनी तापली की तिची घनता जवळपास 1 टक्क्याने उतरते. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून ट्रॅफिकमध्ये इनटेक टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान बघा, आकडा कसा चढतो ते कळेल. लावायचाच असेल तर बंद बॉक्सवाला घ्या, बाहेरून हवा घेणारा. आणि ट्यूनिंग करणार नसाल तर माझ्या मते स्टॉकच बरा.

प्रश्न: फिल्टर चोक झाला की मायलेज पडतं का?

उत्तर: जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पडायचं. आताच्या इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, हवा मोजूनच पेट्रोल सोडतो, त्यामुळे मायलेजला फारसा फरक पडत नाही, पिकअप मात्र मरतं. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये हे तपासलं होतं, तिथेही हेच दिसलं. तेव्हा मायलेज वाढेल म्हणून महागडा फिल्टर घेऊ नका.

प्रश्न: तेलवाला कॉटन फिल्टर धुऊन परत बसवला आणि चेक इंजिन लाइट लागली. फिल्टर खराब निघाला का सर?

उत्तर: आधी स्कॅनरने बिघाडाचा कोड वाचून घ्या, पण माझा संशय जास्त झालेल्या तेलावर आहे. फिल्टरनंतरच्या पाइपात एमएएफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) असतो, त्यातल्या तापलेल्या बारीक तारेवर तेलाचा थर बसला की हवेचं माप चुकतं, मग आयडलिंग वरखाली, पिकअपला झटके, सगळं सुरू होतं. सेन्सर काढा आणि फक्त एमएएफ क्लीनर मारा, कार्ब्युरेटरचा क्लीनर अजिबात नको, तारेला बोट किंवा कापड लावू नका, पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर जोडू नका. फिल्टर पुढच्या वेळी धुतलात की सावलीत आपोआप वाळू द्या, मग घड्यांवर तेलाची एकच हलकी रेघ ओढा आणि ते पसरेपर्यंत थांबा. तेल ओघळताना दिसलं तर जास्त झालंय. अजून एक, फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं कापड फिरवून बघा, धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही आणि ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये जातेय, पिस्टन रिंग घासल्या जातात हो, हे हलक्यात घेऊ नका!

प्रश्न: रोजचा रस्ता कच्चा आणि धुळीचा आहे, कुठला घेऊ?

उत्तर: चांगला कागदी. नेहमीपेक्षा लवकर बदला, आणि कॉम्प्रेसरची हवा मारून तोच परत परत वापरू नका, कागद फाटतो आणि दिसतही नाही.

प्रश्न: कोल्ड एअर इनटेक (बाहेरची गार हवा ओढणारा पाइप आणि फिल्टर) बंपरमध्ये खाली बसवलाय, पावसात चालेल का?

उत्तर: नुसत्या पावसात चालेल. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका, पाणी दाबलं जात नाही त्यामुळे ते सिलिंडरमध्ये गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडलीच तर स्टार्टर मारायचा नाही, टो करून न्या आणि प्लग काढून बघायला सांगा.