ऑनलाइन संगीताच्या तासात तिच्या हाताकडे कोण बघतंय?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिला कीबोर्ड शिकायचा आहे, पण आमच्या जवळपास शिकवणारं कुणी नाही, म्हणून ऑनलाइन शोधते आहे. एकीकडे रेकॉर्ड केलेल्या धड्यांचा कोर्स आहे, दुसरीकडे बारा मुलांचा एकत्र तास. तिसरीकडे एकेकट्याला शिकवतात, पण वर्षाची फी आधी भरायला सांगतात. काय निवडावं? आणि पुढे तिचं यात करिअर होईल का?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. आठव्या वर्षी करिअर ठरत नाही. पण आठव्या वर्षी हाताला लागलेलं वळण पुढे सहजासहजी मोडत नाही. मनगट खाली पाडून, बोटं आडवी ठेवून वाजवायची सवय एकदा लागली की जलद वाजवायची वेळ आल्यावर हात अडखळतो, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तिन्ही पर्यायांना एकच प्रश्न विचारा : तिच्या हाताकडे कोण बघणार आहे?

रेकॉर्ड केलेल्या धड्यात कुणीच बघत नाही. नंतर सरावाला जोड म्हणून ते चांगले, सुरुवातीला नकोत. बारा मुलांच्या तासात सगळ्यांचे माइक बंद ठेवावे लागतात, आणि पंचेचाळीस मिनिटांत एकेकाच्या वाट्याला चार मिनिटंही येत नाहीत. त्यामुळे एकटीला किंवा फार तर दोघांना शिकवणारे शिक्षक शोधा. वर्षाची फी मात्र एकदम भरू नका. महिन्याची सोय नसेल तर शिक्षक बदलून मिळतात का, उरलेले पैसे परत मिळतात का, हे आधी लेखी घ्या.

चाचणीच्या तासाला तुम्ही शेजारी बसा आणि मुलीपेक्षा शिक्षकांवर लक्ष ठेवा. दोघांनी एकत्र वाजवायचं तर आवाज पोचायला साधारण तीस मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर चालत नाही, त्यापुढे ताल सुटायला लागतो. व्हिडिओ कॉलवर हा उशीर बहुतेक वेळा शंभरच्याही वर जातो. म्हणून 'चल, माझ्याबरोबर वाजव' असं म्हणणाऱ्या शिक्षकांना या माध्यमाचा अंदाज आलेला नाही असं समजा. जाणते शिक्षक आधी स्वतः वाजवतात, थांबतात, 'आता तू' म्हणतात आणि शेवटपर्यंत ऐकून घेतात.

एका मैत्रिणीच्या मुलाच्या व्हायोलिनच्या तासाला मी असंच बसले होते. पहिली पाच मिनिटं बाईंनी वाद्याला हातच लावू दिला नाही. कॅमेरा जरा उजवीकडे, आता थोडा खाली, 'मला तुझा चेहरा नको, कोपर दिसू दे.' मग त्याने गज ओढला, तर लांबवलेला सूर मध्येच विरून गेला. मुलगा हिरमुसला, त्याला वाटलं आपलंच चुकलं. चूक त्याची नव्हती. कॉलचं ॲप एकसारख्या लांब आवाजाला पंख्याची घरघर समजून दाबून टाकतं. बाईंनी त्याच्या आईला सेटिंग बदलायला सांगितलं आणि सूर पूर्ण ऐकू आला. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय याचसाठी आहे. तुमच्याकडेही तासाच्या आधी ती चालू करून ठेवा, आणि कॅमेरा बाजूने, थोडा वरून लावा, म्हणजे पट्ट्या आणि मनगट दोन्ही दिसतील.

कीबोर्ड घेताना बारीक पट्ट्यांचं खेळणं घेऊ नका. पूर्ण आकाराच्या 61 पट्ट्या हव्यात, आणि बोट हलकं पडलं तर आवाज हलका, जोरात पडलं तर मोठा, असा हवा. नाहीतर हळुवार वाजवणं म्हणजे काय, हे तिच्या बोटांना कळणारच नाही.

या वयाला तीस मिनिटांचा तास पुरे. खरं काम तासांच्या मधल्या दिवसांत होतं, आणि तिथे तुम्ही लागता. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत आईने किंवा वडिलांनी तासाला बसायचं, लिहून घ्यायचं आणि घरी तेच करून घ्यायचं अशी रीतच आहे. ऑनलाइन तासाला याची जास्तच गरज असते, कारण शिक्षकांना पडद्यातून हात पुढे करून तिचा अंगठा सरळ करता येत नाही. तो तुम्हालाच करावा लागेल. रोज पंधरा मिनिटं बसवा, आणि आठवड्यातून एकदा छोटा व्हिडिओ शिक्षकांना पाठवा. तो बघून उत्तर देणार का, हे चाचणीच्या दिवशीच विचारून घ्या.

परीक्षांची घाई नको. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या संगीत परीक्षांच्या दोन्ही ब्रिटिश संस्था आता रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून श्रेणी परीक्षा घेतात, त्यामुळे तो रस्ता घरबसल्या केव्हाही खुला आहे. वादन, अध्यापन, संगीत संयोजन, ध्वनिमुद्रण या वाटांचा विचार ती चौदा-पंधरा वर्षांची झाली की तिच्याशीच बोलून करू. तेव्हा मला पुन्हा जरूर लिहा.

सध्या दोन-तीन शिक्षकांकडे चाचणीचा तास घ्या. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवण करून देऊ नका, फक्त कीबोर्ड उघडा ठेवा. ज्यांच्या तासानंतर ती आपणहून त्याच्यापाशी जाऊन बसेल, त्यांची महिन्याची फी भरा.